काय जमतं, कुठं जमतं, कशानं जमतं

विशेष गरजा असणाऱ्या मुलाची शाळेतली फाईल उघडली की सगळ्यात वर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं, त्यावर टक्केवारी. खाली बुद्ध्यांक चाचणीचा अहवाल किंवा कानाच्या तपासणीचा आलेख, यूडीआयडी कार्डाची झेरॉक्स, आधार, पासबुकाचं पहिलं पान. त्यानंतर वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, ज्याला शाळेत सगळे आयईपीच म्हणतात. त्यातल्या सद्यःस्थितीच्या रकान्यात बहुतेक वाक्यं 'नाही'वर संपतात. जोडाक्षरं वाचता येत नाहीत. हातच्याची वजाबाकी येत नाही. एका जागी बसत नाही. खाली 'बलस्थाने' असाही एक रकाना असतो. त्यात लिहिलेलं असतं: चित्रकलेची आवड, स्वभाव शांत, मित्रांत मिसळतो. शेजारची फाईल काढावी तर तिथंही चित्रकलेची आवड, स्वभाव शांत, मित्रांत मिसळतो.

या रकान्याचं करायचं काय, हा विशेष शिक्षणातला जुना प्रश्न आहे, आणि जगभर त्याची उत्तरं शोधून झाली आहेत. काही कामाची निघाली, काही निव्वळ गोड बोलण्यात जिरली. बलस्थानांवर आधारलेली मुलाची नोंद, म्हणजे 'लर्नर प्रोफाईल', करावी यावर आता फारसं दुमत नाही. पण ती नोंद मुलाचं कौतुक करण्यासाठी आहे की उद्याचा तास कसा घ्यायचा हे सांगण्यासाठी, इथं घोळ होतो. माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे, आणि ते का, हे सांगायला थोडं मागं जावं लागेल.

बिने आणि सिमाँ यांनी 1905 साली पॅरिसमध्ये पहिली बुद्धिमापन चाचणी केली, ती कोणत्या मुलांना शाळेत जास्त मदत लागेल हे ओळखता यावं म्हणून. बिनेचा हेतू साधा होता. पुढं त्या चाचणीचा आकडा झाला, आकड्याची उतरंड झाली, आणि उतरंडीवरून मुलं कुठल्या शाळेत घालायची हे ठरू लागलं. 1920च्या दशकात मॉस्कोत वायगॉट्स्की अंध, कर्णबधिर आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांबरोबर काम करत होता. त्याचं म्हणणं असं, की अडचण असलेलं मूल म्हणजे इतरांपेक्षा कमी वाढलेलं मूल नव्हे. त्याची वाढ वेगळ्या वाटेनं झालेली असते, आणि शिक्षकाला ती वाट माहीत हवी. काय नाही याची मोजदाद करून ती कळत नाही. शंभर वर्षांनंतरही या क्षेत्रात यापेक्षा मूलभूत असं फार काही कुणी म्हटलेलं नाही, असं मला वाटतं.

मधल्या काळात कायदे आले. अमेरिकेत 1975 साली अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला आणि प्रत्येक मुलाला लेखी आराखडा मिळू लागला. 1997च्या दुरुस्तीनं त्यात भर घातली, की आराखडा करताना मुलाची बलस्थानं आणि पालकांच्या चिंता विचारात घेतल्याच पाहिजेत. दरम्यान कॅन्सस विद्यापीठातल्या डेनिस सॅलीबी यांनी समाजकार्यात 'बलस्थानांचा दृष्टिकोन' मांडला. त्यांचं पुस्तक 1992चं. न्यूझीलंडमध्ये मार्गारेट कार यांनी बालशिक्षणात 'शिकण्याच्या गोष्टी' लिहिण्याची पद्धत रुजवली. मूल एखाद्या कामात गुंतलं असताना शिक्षकानं ते पाहायचं आणि घडलं तसं लिहायचं, तक्ता भरायचा नाही. पुढं ही पद्धत तिथल्या विशेष गरजा असणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीही वापरली गेली.

सगळ्यात लांब गेलं स्कॉटलंड. तिथल्या 2004च्या कायद्यानं प्रश्नच बदलून टाकला. मूल दिव्यांग आहे का, हे विचारायचं नाही; त्याला शिकताना जादा आधार लागतो का, एवढंच विचारायचं. कारण कुठलंही चालतं. घरात मृत्यू झाला असेल, आजारी आईची देखभाल मुलीवर पडली असेल, नव्या देशात आल्यामुळं भाषा येत नसेल, वर्गात कुणी छळत असेल, किंवा मूल इतकं हुशार असेल की पुस्तक त्याला पुरत नसेल. याचा परिणाम असा, की 2024च्या गणनेत तिथल्या शाळांमधल्या सुमारे 40 टक्के मुलांना असा आधार लागतो अशी नोंद झाली. चाळीस टक्के म्हटल्यावर तो बाजूच्या खोलीतल्या विशेष शिक्षकाचा विषय राहत नाही, प्रत्येक वर्गशिक्षकाचा होतो. ब्रिटनमध्ये एका पानाच्या नोंदीचा वापरही वाढला. त्यात तीन मथळे: लोकांना माझं काय आवडतं, माझ्यासाठी काय महत्त्वाचं आहे, आणि मला मदत कशी करावी. बदली शिक्षकही तास सुरू व्हायच्या आधी दोन मिनिटांत ते वाचू शकतो.

पण स्कॉटलंडची दुसरी बाजूही बघायला हवी. त्या कायद्यात खरी सक्ती असलेला दस्तऐवज वेगळा आहे, समन्वित आधार आराखडा. तो मिळालेली मुलं आधार लागणाऱ्या शंभरांत एकसुद्धा नाहीत. अँजेला मॉर्गन यांनी 2020 साली या सगळ्याचा आढावा घेतला. त्यांचा रोख असा, की तत्त्व उत्तम आहे, वर्गात ते पोचत नाही. कागदावर मुलाचं सुंदर वर्णन आणि वर्गात मदतनीस नाही, असं चित्र असेल तर पालकांनी त्या वर्णनावर का विश्वास ठेवावा?

साधनांचीही तीच गत आहे. मुलांच्या वर्तनाची चाचपणी करायला जगात सर्रास वापरली जाणारी एक प्रश्नावली आहे, रॉबर्ट गुडमन यांची, 1997ची. नाव 'बलस्थानं आणि अडचणी'. प्रश्न 25. त्यातल्या 20 प्रश्नांची बेरीज अडचणींच्या खात्यात जाते, उरलेले पाच दुसऱ्यांशी चांगलं वागण्याबद्दल. एपस्टाइन आणि शर्मा यांनी 1998 साली निव्वळ बलस्थानं मोजणारी श्रेणी केली, ती त्यामुळंच वेगळी ठरते. पण 'कुटुंबाशी नातं घट्ट आहे' याला चांगले गुण मिळाले, तरी भागाकार शिकवताना त्याचा उपयोग काय करायचा, हे शिक्षकाला कोण सांगणार?

उत्तर सापडतं ते थेट विशेष शिक्षणात नाही, गणिताच्या संशोधनात. ब्राझीलच्या रेसिफे शहरात 1980च्या दशकात नुन्येस, कॅरहर आणि श्लीमान हे तिघे रस्त्यावर नारळ आणि फळं विकणाऱ्या मुलांकडं गिऱ्हाईक म्हणून गेले. मुलं पाचच, वय 9 ते 15. गाड्यावर विचारलेले हिशेब त्यांनी 98 टक्के बरोबर केले. नंतर त्याच मुलांना तशाच बेरजा-गुणाकार कागदावर मांडून दिले, तर बरोबर आले 37 टक्के. अलीकडं अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर अशीच, पण कितीतरी मोठी पाहणी केली. 2025 साली ती 'नेचर'मध्ये आली. बाजारातली मुलं तोंडी हिशेबात पटाईत आणि शाळेच्या उदाहरणात अडखळणारी निघाली. शाळेतली मुलं नेमकी उलटी: वहीतलं गणित येतं, बाजारातला हिशेब जमत नाही.

या मुलांना दिव्यांगत्व नव्हतं. तरी प्रोफाईल लिहिणाऱ्या प्रत्येकानं हे दोन अभ्यास समोर ठेवावेत. जमणं जागेला बांधलेलं असतं. गाड्यावर जमणारी गोष्ट आपोआप वहीत चालत येत नाही, कुणीतरी ती आणावी लागते. तेव्हा 'व्यवहारज्ञान चांगले' असं लिहिणं म्हणजे अर्धंच वाक्य लिहिणं.

पुरं वाक्य कसं दिसतं? एक नमुना घेऊ. जिल्हा परिषदेच्या शाळेतला चौथीतला मुलगा. अध्ययन अक्षमतेचा संशय, लक्ष टिकत नाही अशी तक्रार. फाईलमध्ये 'एकाग्रता कमी, वजाबाकी येत नाही, बलस्थान: खेळाची आवड'. मॅडम पालकसभेत त्याच्या आईला विचारतात, "ताई, घरी काय काय करतो?" आई आधी तक्रारींचाच पाढा वाचते, कारण शाळेत बोलावलं की तेच ऐकायची सवय झालेली. दुसऱ्यांदा विचारल्यावर सांगते, "मॅडम, शनिवारच्या बाजारात गाड्यावर तोच बसतो की माझ्यासोबत. सुट्टे पैसे तोच देतो. चुकत नाही." मग मॅडम वर्गात खोट्या नोटा आणि नाणी आणतात. तीस रुपयांची मेथी, गिऱ्हाईकानं दिले शंभर. मुलगा तीसवरून चाळीस, चाळीसवरून पन्नास, मग पन्नासची नोट, असं वर मोजत जातो आणि सत्तर हातावर ठेवतो. म्हणजे तो वजाबाकी करतो, फक्त वर चढत करतो. पुस्तकात ती खाली उतरत शिकवली आहे. आता नोंद अशी होते: 'नोटा-नाणी हातात असतील तर शंभरपर्यंतची वजाबाकी पुढं मोजत करतो. हातच्याची मांडणी दाखवली की थांबतो. पुढची पायरी: हीच पुढं मोजायची रीत संख्यारेषेवर, नाण्यांशिवाय.' एकाग्रतेबद्दलही तसंच. 'तीन सूचना एकदम दिल्या तर उठून जातो. एकेक सूचना फळ्यावर चित्रानं दिली तर काम संपेपर्यंत बसतो.'

यात कौतुकाचा एक शब्द नाही. तरी वाचणाऱ्या नव्या शिक्षकाला सोमवारी काय करायचं ते कळतं. काय जमतं, कुठं जमतं, कशानं जमतं, आणि त्यावरून पुढं काय, इतकं असेल तर ती नोंद. नाहीतर ते शिफारसपत्र.

आपल्याकडं हे अगदीच नवं आहे असंही नाही. महाराष्ट्रातल्या विशेष शाळांमध्ये काम केलेल्या शिक्षकांना एमडीपीएस हे नाव परिचयाचं असतं. मद्रासच्या विजय ह्यूमन सर्व्हिसेसमध्ये प्रा. जयचंद्रन आणि विमला यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींसाठी ही पद्धत तयार केली. अठरा क्षेत्रं, प्रत्येकात वीस कृती, एकूण 360. जेवणं, कपडे घालणं, चालणं, बोलणं, पैशांचा व्यवहार. प्रत्येक वाक्य होकारार्थी, सोप्याकडून अवघडाकडं. जमणारी कृती निळ्या रंगानं भरायची, न जमणारी लाल. दर तिमाहीला मूल्यमापन झालं की काही लाल चौकोन निळे होतात. अक्षर न ओळखणाऱ्या आजीलासुद्धा तो तक्ता वाचता येतो. त्याची मर्यादाही तीच: 'हातानं घास घेतो' हे निळं आहे, पण कुणाच्या शेजारी बसून घेतो, ताटात वरण-भात कालवून दिला तरच का, हे चौकोनात मावत नाही. ते मावशींना माहीत असतं, डबा भरवणाऱ्या. त्यांना विचारायची पद्धत मात्र फार थोड्या शाळांत आहे.

मुलाच्या भाषेचा मुद्दा तर बहुतेक फॉर्ममध्ये येतच नाही. मेळघाटातलं कोरकू बोलणारं मूल किंवा धडगावकडचं पावरी बोलणारं मूल पहिलीत गप्प बसतं आणि फाईलमध्ये 'वाचिक विकास मंद' अशी नोंद होऊ शकते. मराठीतलं वाचन-दोषाचं निदानसुद्धा कितीतरी वर्षं दुसऱ्या भाषांसाठी बेतलेल्या चाचण्यांवर रेटलं गेलं. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं 2015 साली आणलेल्या 'डाली' या साधनात हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीही आली, तेव्हा थोडा फरक पडला. त्याच्या कितीतरी आधी ताराबाई मोदक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा काढली होती. मुलं गुरं चारायला जात, तर शाळाच कुरणात गेली. त्या काळी 'लर्नर प्रोफाईल' हा शब्द कुणी ऐकला नव्हता, पण मूल कुठं असतं आणि तिथं त्याला काय येतं, इथूनच त्यांनी सुरुवात केली.

आता खरी अडचण. आपल्या व्यवस्थेत सगळा लाभ उणिवेच्या कागदावरून मिळतो. 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मानले. 40 टक्के भरले तर लक्षणीय दिव्यांगत्व. ते असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षं मोफत शिक्षणाचा हक्क. समग्र शिक्षामधला मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, मुलींना दरमहा 200 रुपये, दहावीला लेखनिक आणि वाढीव वेळ, या सगळ्याला प्रमाणपत्र लागतं. अध्ययन अक्षम मुलांना परीक्षेत सवलती देण्यात तर महाराष्ट्र आघाडीवर होता. 1996पासून आपल्याकडं त्या आहेत, आणि पुढं केंद्रीय कायद्यानंही त्या मान्य केल्या. त्यासाठी सरकारी रुग्णालयांच्या दारात पालकांनी लावलेल्या रांगा ज्यांनी पाहिल्यात, ते उणिवेच्या कागदाला नावं ठेवणार नाहीत. तो कागद म्हणजे हक्क आहे.

म्हणूनच बलस्थानांच्या नोंदीकडं पालक संशयानं बघतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. 'याला एवढं येतं' असं शाळेनंच लिहून दिलं, तर उद्या टक्केवारी कमी झाली म्हणून भत्ता गेला, अशी धास्ती असते. तपासणीच्या दिवशी मुलगा नेमका सगळी उत्तरं देतो आणि आई कपाळाला हात लावते, हे दृश्य काही कल्पनेतलं नाही. परदेशातही बलस्थानांच्या भाषेवर हाच आक्षेप आहे: ती खर्चकपातीला सोयीची पडते. 'स्वतःचं स्वतः करतो' म्हटलं की मदतनीस काढता येतो. यावर तोडगा माझ्या मते एकच. प्रत्येक जमणाऱ्या गोष्टीशेजारी ती कोणत्या आधारानं जमते ते त्याच ओळीत लिहायचं. 'चित्रफलक समोर असला तर वेळापत्रक स्वतः पाळतो.' फलक काढला की वाक्य खोटं ठरतं, आणि ते कुणालाही दाखवता येतं. दोन्ही कागद लागतात, पण दोन्हींनी एकमेकांना छेद देता कामा नये.

दुसरा सापळा कौतुकाचा आहे. 'तारे जमीं पर' 2007 साली आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द घरोघरी गेला, हे त्याचं मोठंच काम. पण प्रेक्षकांच्या लक्षात राहिली ती चित्रकलेची स्पर्धा. मधल्या भागात शिक्षक वाळूत अक्षरं गिरवून घेतात, जिन्याच्या पायऱ्यांवर बेरीज-वजाबाकी करून घेतात, तेवढं कुणी आठवत नाही. त्यातून एक समजूत पसरली, की प्रत्येक अशा मुलात कुठंतरी दडलेला कलाकार असतो. बहुतेक मुलांत नसतो, जसा बहुतेक मोठ्यांत नसतो. शाळेत सन्मानानं वागवलं जावं म्हणून मुलानं आधी स्वतःतली प्रतिभा सिद्ध करावी, ही अट तर फारच क्रूर आहे. बलस्थान म्हणजे प्रतिभा नव्हे. रोज पहाटे उठून बहिणीची वेणी घालून देणं हे बलस्थान आहे, शाळेच्या पायऱ्यांवर अनोळखी माणसाला वाट दाखवणं हेही.

तिसरा सापळा 'हा दृश्य पद्धतीनं शिकणारा, ती श्राव्य पद्धतीनं' असल्या शिक्क्यांचा. हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी 2008 साली अशा अध्ययनशैलींवरचं संशोधन तपासलं. शैलीनुसार शिकवल्यानं फायदा होतो हे पटेल असा पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही. तरी प्रशिक्षणांत या शैलींचे तक्ते वाटले जातात. एखाद्या मुलाला अमुक कामात चित्र उपयोगी पडलं, ही नोंद खरी. त्यावरून त्याला 'चित्रांचं मूल' ठरवून मोकळं होणं म्हणजे जुन्या शिक्क्याच्या जागी नवा शिक्का.

सरकारी पातळीवर दिशा बदलते आहे, निदान कागदावर. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020मध्ये समग्र प्रगतीपुस्तक आलं, आणि 'परख' या राष्ट्रीय मूल्यमापन केंद्रानं केलेल्या नमुन्यांत मुलाचं स्वतःचं, वर्गमित्रांचं आणि पालकांचंही मत घ्यायची सोय आहे. एनसीईआरटीचं 2022चं 'प्रशस्त' हे साधन मात्र चाळणीच आहे, दिव्यांगत्वाची लक्षणं टिपणारं, आणि चाळणी म्हणून ते ठीकच आहे. गोंधळ होतो तो चाळणीलाच प्रोफाईल समजल्यावर.

मुलाच्या स्वतःच्या मताचं काय? इंग्लंडमधल्या 2014च्या कायद्यानंतरच्या आराखड्यांचा पहिला विभागच मुलाची मतं, आवडी आणि आकांक्षांचा असतो. तिथंही तो बऱ्याचदा मोठ्यांच्या भाषेत भरला जातो. बोलता न येणाऱ्या मुलाचं मत घ्यायचं तर फोटो पुढं ठेवून 'हे' की 'ते' विचारावं लागतं, नजर कुठं जाते ते बघावं लागतं, घाई करून चालत नाही. आणि आठवी-नववीतल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट: आपल्याबद्दल लिहिलेलं पान वर्गातल्या भिंतीवर लागू नये असं त्यांना वाटतं. ते पान कुणी वाचायचं हे त्यांनीच ठरवावं. यावर अजून फारसा विचार झालेला नाही.

राहिला वेळेचा प्रश्न. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2021मध्ये, रजनीश कुमार पांडे प्रकरणात, प्राथमिकला दहा मुलांमागं आणि माध्यमिकला पंधरा मुलांमागं एक विशेष शिक्षक असावा असं प्रमाण घालून दिलं. तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून मोटारसायकलवर निघणारा विशेष शिक्षक मात्र आज या शाळेत, तर पुन्हा केव्हा येईल सांगता येत नाही. त्याला चाळीस मुलांची चाळीस पानं लिहायला लावली, तर पुन्हा 'चित्रकलेची आवड'च येणार. त्यापेक्षा वर्गशिक्षकानं एका सत्रात तीनच मुलांचं पान करावं, विशेष शिक्षकानं ते वाचून खोडावं, आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत त्यातलं एक पान, नाव झाकून, सगळ्यांसमोर ठेवावं. जूनमध्ये मूल पुढच्या वर्गात गेलं की ते पान नव्या शिक्षकाच्या हातात त्याच आठवड्यात पडलं पाहिजे. आज ते कपाटात असतं, आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडं असते त्या मॅडमची बदली झालेली असते.